दुबईत फ्लॅट, विट्यात नोटीस: वकील कुठला आणि कसा धरावा?

विटेकर · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिला धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

आमचं गाव विट्याजवळ. आमच्याकडं गलाईचा धंदा म्हणजे काय ते सांगलीकरांना सांगायला नको, घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या परगावी सोनं गाळत बसलेला असतो. धाकटा भाऊ चुलत्यांच्या दुकानात मुशीसमोर बसून तयार झाला आणि पुढं दुबईत देरा भागात कामाला लागला. २०२२ मध्ये त्यानं तिथं ऑफ-प्लॅन फ्लॅट धरला, म्हणजे इमारत उभी नसतानाच. किंमत ९ लाख दिरहम. करार भाऊ आणि आण्णा (आमचे वडील) दोघांच्या नावावर. आजवर ४० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार दिरहम भरलेत. ताबा डिसेंबर २०२४ ला मिळणार होता, अजून पत्ता नाही. मध्येच भावाचं काम सुटलं, तो गावी परत आला आणि दोन हप्ते थकले.

गेल्या आठवड्यात मेल आला: ३० दिवसांत थकबाकी भरा, नाहीतर करार रद्द आणि भरलेली रक्कम जप्त. सोबत इमारतीचा फोटो, "काम ७५ टक्के पूर्ण" असं लिहिलेला. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन. "घाबरू नका, बिल्डरचीच लीगल टीम तुम्हाला मदत करेल, फक्त एका फॉर्मवर दोघांच्या सह्या करून पाठवा."

आण्णांचा एकच प्रश्न, "तिथं तलाठी नसतो का? उतारा काढून बघा की कुणाच्या नावावर आहे ते." आम्ही हसलो, पण उत्तर कुणालाच देता आलं नाही.

इथं बसून काय करता येईल? वकील इथला करायचा की तिथला?

---

बेदाणा_सौदा · सोमवार, रात्री १०:३१

बाकीचं जाणकार सांगतीलच. तो फॉर्म कसलाही असो, सही करू नका.

---

कायदा_हातात · सोमवार, रात्री १०:५८

सरळ विटा पोलीस ठाण्यात ४२० टाका. एजंटाला बोलावून घेतला की बिल्डर आपोआप लाईनीवर येतो. आमच्याकडं प्लॉटिंगवाल्याच्या बाबतीत हेच केलं होतं.

---

वाठार_स्टेशन · मंगळवार, सकाळी ७:०५

दुबईत चौदा वर्षं झाली, त्यातली काही बांधकाम कंपनीतच. जरा लांबण लावतो, कारण तुमच्या आण्णांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच, तोच खरा प्रश्न आहे.

तलाठी नाही, पण दुबई लँड डिपार्टमेंट आहे. तयार फ्लॅटला टायटल डीड, म्हणजे मालकीचा दाखला मिळतो. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटची नोंद वेगळ्या, तात्पुरत्या नोंदवहीत होते, तिला सगळे "उकूद" म्हणतात. २००८ च्या १३ क्रमांकाच्या कायद्यानं ही नोंद सक्तीची आहे. बिल्डरशी केलेला करार कितीही जाड आणि गुळगुळीत कागदावर असला तरी उकूद नसेल तर तुमची बाजू लंगडी. किमतीच्या ४ टक्के नोंदणी शुल्क भरलं होतं का, पावती आहे का, ते आधी बघा.

दुसरं, एस्क्रो खातं, म्हणजे फक्त त्या प्रकल्पासाठी राखून ठेवलेलं खातं. २००७ च्या ८ क्रमांकाच्या कायद्यानुसार ऑफ-प्लॅन गिऱ्हाइकाचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच गेले पाहिजेत, बिल्डरच्या चालू खात्यात नाही आणि एजंटाच्या तर नाहीच नाही. प्रत्येक हप्ता कुठल्या खात्यात गेला ते एकेक करून तपासा.

आता नोटीस. मेल नेमका कुणाचा आहे? बिल्डरच्या वसुली विभागाचा असेल तर ती कायद्यातली नोटीस नव्हे. रीत अशी आहे: बिल्डर आधी लँड डिपार्टमेंटला कळवतो की गिऱ्हाईक थकलंय. मग डिपार्टमेंट तुम्हाला ३० दिवसांची नोटीस देतं. त्यातही मिटलं नाही तर काम किती टक्के झालंय याचा दाखला डिपार्टमेंट देतं आणि तिथून पुढं बिल्डर कोर्टात न जाताही करार रद्द करू शकतो.

सगळी गोम त्या टक्क्यात आहे. काम ६० टक्क्यांच्या वर गेलं असेल तर बिल्डर फ्लॅटच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत ठेवून घेऊ शकतो. ६० च्या खाली असेल तर २५ टक्क्यांपर्यंत. लक्षात घ्या, भरलेल्या रकमेचे नाही, *किमतीचे*. तुम्ही भरलेत बरोबर ४० टक्के. म्हणजे काम ६१ टक्के असेल तर तुमचे सगळे ३ लाख ६० हजार जाऊ शकतात. ५९ असेल तर जास्तीत जास्त २ लाख २५ हजार, आणि १ लाख ३५ हजार परत मिळायला हवेत. (८० च्या वर गेलं तर बिल्डरला लिलावाचा मार्गही मोकळा होतो, ते आत्ता सोडा.)

फोटोवर लिहिलेल्या ७५ ला काडीची किंमत नाही. "दुबई रेस्ट" नावाचं लँड डिपार्टमेंटचं ॲप आहे, त्यात प्रकल्पाचं नाव टाका. सरकारी नोंदीतला आकडा तिथं दिसतो. आजच बघा आणि स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

---

विटेकर · मंगळवार, दुपारी १:२०

वाठारकर, तुम्हाला काय म्हणू! भावाच्या मोबाइलवर ॲप उघडलं. हाताला घाम सुटला होता त्याच्या. आकडा ५७ आणि काही पॉइंट आहे. तीनदा बंद करून उघडून बघितला.

उकूदचा कागद सापडला, आण्णांचं नाव त्यावर आहे. मेल बिल्डरच्याच "कलेक्शन्स" कडून आलाय, लँड डिपार्टमेंटचा नाही.

---

जुना_राजवाडा · मंगळवार, दुपारी ३:४५

साताऱ्यात दिवाणी वकिली करतो. परदेशी कायद्यावर बोलायचा माझा अधिकार नाही, इथल्या बाजूचं सांगतो.

@कायदा_हातात, ४२० आता ४२० राहिलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. तेही सोडा. हप्ते थकलेल्या करारात फौजदारी लावायला गेलात तर पोलीस "दिवाणी बाब" म्हणून परत पाठवतील आणि ते बरोबरच असेल. एजंटानं सांगलीत हॉटेलात सेमिनार घेऊन, खोटी आश्वासनं देऊन इथंच पैसे उचलले असतील तर त्याच्यापुरता विचार होऊ शकतो. त्यातून दुबईचा फ्लॅट मात्र सुटणार नाही.

ग्राहक आयोगाचं कुणीतरी विचारणारच. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार स्वतः राहतो तिथं तक्रार दाखल करता येते. दिलेली रक्कम रुपयांत ५० लाखांच्या वर असल्यानं जिल्हा नाही, राज्य आयोगाकडं जावं लागेल. पण निकाल हातात आल्यावर वसुली कशातून करणार? बिल्डरचं भारतात काही असेल तर अर्थ आहे. भारत आणि अमिरातीत परस्परांचे निकाल अंमलात आणण्याचा १९९९ चा करार आहे, पण त्या वाटेनं जायला दम लागतो.

उलटी बाजू लोकांना माहीत नसते. १७ जानेवारी २०२० ला केंद्र सरकारनं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अमिरातीला अधिसूचित केलं. म्हणजे तिथल्या कोर्टानं तुमच्याविरुद्ध पैशाचा हुकूमनामा दिला तर तो थेट सांगलीच्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीला येऊ शकतो. "आपण इथं आहोत, कोण येतंय विट्यात" हा विचार घरात कुणाच्या मनात असेल तर काढून टाका. नोटिशीला उत्तर गेलंच पाहिजे आणि ते तिथल्या परवानाधारक वकिलाकडूनच.

---

विटेकर · मंगळवार, संध्याकाळी ६:०२

चुलते अगदी हेच म्हणत होते, "कोण येतंय विट्यात".

---

मिरज_ते_लेस्टर · मंगळवार, रात्री ११:३०

दुबईचा अनुभव नाही, पण "बिल्डरचीच लीगल टीम मदत करेल" हे वाचून राहवलं नाही.

इथं इंग्लंडमध्ये घर घेताना विकणाऱ्याचा सॉलिसिटर (म्हणजे वकील) वेगळा, घेणाऱ्याचा वेगळा. मला आधी वाटलं, कशाला दुप्पट खर्च? एस्टेट एजंटानं एकाचं नाव सुचवलं होतं, आमच्या गल्लीतल्या एका काकांनी त्यालाच धरू नको म्हणून सांगितलं. मी दुसरा शोधला. त्यानं पहिल्याच आठवड्यात लीजमधली वाढत जाणाऱ्या भुईभाड्याची अट काढून दाखवली. (जून २०२२ पासूनच्या नव्या लांब मुदतीच्या लीजना असं भुईभाडं लावता येत नाही, पण आमची लीज जुनी होती.) तो फ्लॅट आम्ही सोडला.

त्याच सॉलिसिटरनं मला छळलंही भरपूर. आईनं मालगावची जमीन विकून थोडे पैसे दिले होते. पैसा कुठून आला याचा पुरावा मागितला. खरेदीखत मराठीत, भाषांतर करून दिलं. मग मेल आला, "गुंठा म्हणजे काय?" मी लिहिलं, १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यावर उत्तर: याला कागदोपत्री आधार आहे का? आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, त्याला मिरजेला घेऊन ये, बांधावर उभा करते.

पण खरं सांगतो, ज्या वकिलानं तुम्हाला एकही अवघड प्रश्न विचारला नाही तो तुमच्या बाजूचा नाही.

---

वाठार_स्टेशन · बुधवार, सकाळी ६:५०

लेस्टरकरांशी सहमत. दुबईत तर हे जास्तच लागू. ऑफ-प्लॅनमध्ये एजंटाला कमिशन बहुतेक वेळा बिल्डर देतो. गिऱ्हाइकाला वाटतं फुकट सेवा मिळाली. ज्याच्या हातून पगार, त्याचीच चाकरी.

वकील धरताना एक फरक ओळखा. तिथं "लीगल कन्सल्टंट" असे फलक भरपूर दिसतात. ते सल्ला देतात, पत्रं लिहितात, पण दुबई कोर्टात उभं राहायला तिथला परवाना असलेला ॲडव्होकेट लागतो. कोर्टाचं काम अरबीत चालतं, कागद अधिकृत भाषांतरकाराकडून अरबीत करून घ्यावे लागतात. फी लेखी घ्या, टप्प्याटप्प्याची: नोटिशीचं उत्तर एवढं, बोलणी एवढी, दावा झाला तर एवढं. आणि करारात वाद कुठं सोडवायचा लिहिलंय ते बघा, दुबई कोर्ट की लवाद? लवाद असेल तर खर्चाचं गणित बदलतं.

ताबा लांबला हा तुमचा हुकमी पत्ता आहे. समोरचा आपलं काम करत नसेल तर आपणही आपला हप्ता रोखू शकतो, हे तत्त्व तिथल्या दिवाणी कायद्यात आहे. पण ते लेखी मांडावं लागतं. तुम्ही गप्प बसून हप्ता थांबवलात, म्हणून कागदावर चुकार तुम्हीच दिसता. ताब्याच्या तारखेपुढं बिल्डरला किती महिन्यांची सवलत लिहून दिली आहे तेही वाचा, बऱ्याच करारांत वर्षभराची असते.

फ्लॅट ठेवायचाच नसेल तर करार दुसऱ्याला विकता येतो. त्यासाठी बिल्डरचं ना-हरकत लागतं आणि थकबाकी आधी भरावी लागते.

---

हळदपेठ · बुधवार, सकाळी ११:१५

सांगलीत सीए आहे. सगळे दुबईच्या कायद्यावर बोलताहेत, इकडचा कुणी विचारत नाही. आण्णा इथले रहिवासी. त्यांचा वाटा इथून गेला का? कसा गेला?

रीतसर म्हणजे बँकेतून, एलआरएसखाली (रहिवाशांनी परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना), ए-२ फॉर्म भरून. माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापला गेला असेल: २०२२ मध्ये ७ लाखांच्या वर ५ टक्के होता, १ ऑक्टोबर २०२३ पासून २० टक्के झाला, एप्रिल २०२५ पासून मर्यादा १० लाखांवर आली. ती रक्कम बुडालेली नाही, २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या उताऱ्यात) दिसते, विवरणपत्रात वळती करून घेता येते. पुष्कळ लोक ती मागतच नाहीत!

आणि विवरणपत्रातला शेड्यूल एफए. परदेशातली मालमत्ता तिथं दाखवावी लागते. ताबा नाही म्हणून रकाना कोरा सोडू नका. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात न दाखवल्याचा दंड वर्षाला १० लाख रुपये आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट दिलीय, पण त्या सुटीत स्थावर मालमत्ता धरलेली नाही. भाऊ आत्ताच परतलाय, त्याचं रहिवासी म्हणून स्थान तपासावं लागेल. आण्णांना मात्र पहिल्या वर्षापासून लागू.

---

विटेकर · बुधवार, दुपारी १२:४०

आण्णांचे दोन हप्ते बँकेतून गेलेत, कागद आहेत. एफए वगैरे काहीच भरलेलं नाही, आमच्या इथल्या माणसाला ठाऊकच नसावं. बुकिंगची पहिली रक्कम मात्र जरा वेगळ्या मार्गानं, म्हणजे इथं एकाला दिले आणि तिकडं

---

हळदपेठ · बुधवार, दुपारी १२:४४

थांबा. इथं एक अक्षरही पुढं लिहू नका. कागद घेऊन प्रत्यक्ष कुणाला तरी भेटा, माझ्याकडंच या असं नाही.

इतरांसाठी सांगतो: "पैसे इथं द्या, तिकडं मिळतील" हा फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा भंग आहे. गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, आणि कलम ३७अ खाली तेवढ्याच किमतीची इथली मालमत्ता जप्त होऊ शकते. दुबईच्या एका बेडरूमपायी विट्याचं घर.

---

कायदा_हातात · बुधवार, दुपारी १:१०

🙏 पोलीस ठाण्याचा सल्ला मागे घेतो.

---

शाहूपुरी · बुधवार, रात्री ९:२५

मी साताऱ्याची. विषय थोडा वेगळा आहे, पण लिहिते, कारण आण्णांचं नाव करारावर आहे आणि त्यांचं वय झालं असेल.

आमच्या मिस्टरांच्या नावावर तिथं छोटा फ्लॅट होता. २०१९ मध्ये ते गेले. मृत्युपत्र नव्हतं. मला वाटलं, मी बायको, दोन मुलं, त्यात काय एवढं. तिथल्या कोर्टाकडून वारस ठरवून आणेपर्यंत बँक खातंही गोठलेलं. आमच्या लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीचा, मराठीत, माझ्या माहेरच्या नावानं. पासपोर्टवर सासरचं नाव. ही बाई आणि ती बाई एकच, हे सिद्ध करायला सात महिने गेले. एकदा तर पुण्याच्या एजंटानं सगळ्या कागदांवर अपोस्टिलचा (बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच साक्षांकनाचा) शिक्का मारून दिला. तिकडून परत! अमिरातीला अपोस्टिल चालत नाही. आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग मुंबईतल्या त्यांच्या वकिलातीचा, आणि तिकडं पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. लेस्टरला चालत असेल, दुबईला नाही.

फेब्रुवारी २०२३ पासून बिगरमुस्लिमांसाठी तिथं नवा कायदा आहे, मृत्युपत्र नसेल तर अर्धं जोडीदाराला आणि अर्धं मुलांना सारखं. आमच्या वेळी नव्हता. तरी आण्णांचं मृत्युपत्र तिथं नोंदवून ठेवा. आत्ता नोटिशीची गडबड आहे, ती संपल्यावर. पण विसरू नका.

---

मिरज_ते_लेस्टर · बुधवार, रात्री ११:५०

ताई, हो, इंग्लंडला अपोस्टिल चालतं. आत्तापर्यंत मला वाटत होतं की सगळीकडंच चालतं.

---

विटेकर · पुढचा मंगळवार, रात्री ८:१५

उशिराबद्दल क्षमस्व. आठवडा कसा गेला ते आमचं आम्हाला ठाऊक.

भावाच्या जुन्या दुकानातल्या एका केरळी सहकाऱ्याचा असाच वाद मिटला होता, त्यानं आपला वकील दिला. परवानाधारक ॲडव्होकेट, फी लेखी, वाठारकरांनी सांगितलं तशी टप्प्यांत. व्हिडिओ कॉलवर पहिलाच प्रश्न: "दोन महिने तुम्ही काय करत होता?" दुसरा: "तो फॉर्म कुठं आहे?" लेस्टरकर, तुमची आठवण झाली.

फॉर्म पाठवला. वर मथळा "हप्ते पुनर्रचना विनंती". तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात, करार परस्पर संमतीनं रद्द समजावा आणि खरेदीदाराचा कोणताही दावा उरलेला नाही. आण्णा पेन घेऊन बसले होते त्या दिवशी, चहा आला म्हणून सही राहिली.

शनिवारी उत्तर गेलं. त्यात ताब्याची तारीख, ॲपचा ५७ चा आकडा आणि लँड डिपार्टमेंटची नोटीस आलेली नाही हा मुद्दा. एजंटाचा फोन बंद. पण सोमवारी बिल्डरकडून मेल आला, थकलेले दोन हप्ते ताब्यापर्यंत पुढं ढकलायला तयार आहोत, चर्चेला या. वकील म्हणतात घाई नको, एक लाख पस्तीस परत घेऊन सुटायचं की फ्लॅट धरून ठेवायचा ते आधी तुमचं तुम्ही ठरवा. घरात दोन तट पडलेत. भावाला सुटायचंय. आण्णा म्हणतात, नाव लागलंय तर ठेवा.

सांगलीत एका सीएंना भेटलो. जे सांगायचं ते त्यांना सांगितलं. इथं एवढंच.

आता मुखत्यारपत्र. आण्णांची पासपोर्टवरची सही मराठीत आहे आणि करारावर इंग्रजीत, भावानं शिकवलेली. वकील म्हणाले पासपोर्टसारखीच पाहिजे. दोन दिवस आण्णा वहीत सही घटवताहेत, नातू शेजारी बसून गुण देतोय. उद्या विट्यात नोटरी, रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून पुढचे शिक्के.

---

शाहूपुरी · पुढचा मंगळवार, रात्री ८:४०

मूळ पासपोर्ट बरोबर घ्या. झेरॉक्स बघून परत पाठवतात. आणि मुखत्यारपत्राच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का तिरका पडला तर पुन्हा विट्याला यावं लागेल.

---

विटेकर · पुढचा मंगळवार, रात्री ८:५२

पासपोर्ट घेतलाय ताई, आण्णांच्या बंडीच्या आतल्या खिशात. दुसरी प्रत काढायला आत्ता भाऊ दुकान उघडं आहे का बघायला गेलाय.